मुलाच्या मनाचा आजार आणि पालकांची शाळा

कृष्णाकाठ

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माझा मुलगा जेमतेम १९ दिवस शाळेत गेला. तेव्हा तो सातवीत होता. रविवारी संध्याकाळपासून त्याचे पोट दुखू लागे, रात्री तो दोन-तीनदा उठून पाणी पिई, आणि सकाळी गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक मोजा हातात धरून बसून राही. खाली रिक्षावाले काका दोनदा हॉर्न वाजवत, थोडी वाट पाहत आणि बाकीच्या मुलांना उशीर नको म्हणून निघून जात. रिक्षाचा आवाज वळणापलीकडे गेला की त्याचे खांदे खाली येत आणि थोड्या वेळात पोटही दुखायचे थांबे. पाहणाऱ्या कोणालाही हे ढोंगच वाटले असते, आणि आमच्या घरातही सुरुवातीला सगळ्यांना तसेच वाटले.

रक्ततपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, जंताचे औषध झाले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनीच सांगितले की पोटात दोष नाही, पण दुखणे खोटेही नाही, आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना पत्र लिहून दिले. ते पत्र तीन आठवडे माझ्या पर्समध्ये पडून होते. त्या तीन आठवड्यांचे मला आजही वाईट वाटते.

निदान चिंताविकाराचे झाले. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत जे सांगितले, त्यासाठी हा धागा काढते आहे. ते म्हणाले, मी याला पंधरा दिवसांतून पाऊण तास भेटणार आणि उरलेला सगळा वेळ हा तुमच्याजवळ असणार, तेव्हा शिकायचे आहे ते तुम्हालाच. त्यांच्या दवाखान्यात शनिवारी दुपारी पालकांचा वर्ग भरत असे. सहा शनिवार, दर वेळी दोन तास, दहा-बारा पालक, आणि शिकवायला एक समुपदेशक व तिच्या शेजारी एक आई, जिची मुलगी आमच्या आधी दोन वर्षे याच वाटेने गेली होती. खरे सांगायचे तर समुपदेशक बाईंपेक्षा मी त्या आईकडून अधिक शिकले, कारण तिच्यापुढे मला काहीही लपवावेसे वाटले नाही.

तिथे पहिली गोष्ट कळली ती ही की मुलाला त्रास होऊ नये म्हणून आम्ही जे जे करत होतो, त्याने त्याची भीती पोसली जात होती. मी त्याच्या वतीने बाईंना फोन करत होते, वाढदिवसाची आमंत्रणे परस्पर नाकारत होते, रात्री त्याच्या खोलीत झोपत होते. दुसरीकडे त्याचे बाबा त्याला रागावत होते. म्हणजे एकाच घरात एक जण त्याला भीतीपासून लपवत होता आणि दुसरा भीतीबद्दल शिक्षा करत होता, आणि मुलगा आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. वर्गात आम्हाला एक वाक्य अक्षरशः घोकायला लावले: ‘तुला फार भीती वाटते आहे हे मला कळते, आणि ती सोसून तू पुढे जाशील याची मला खात्री आहे.’ या वाक्याचे दोन्ही भाग एकत्र उच्चारायला आम्हाला महिना लागला. मी पहिल्या भागावर थांबत असे आणि त्याचे बाबा थेट दुसऱ्यावर जात.

पालकांना शिकवून मूल बरे होते, यावर माझा विश्वास नव्हता. नंतर वाचनात आले की अमेरिकेतील येल विद्यापीठात इलाय लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासून पाहिले आहे. चिंताविकार असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांपैकी एका गटातील मुलांना थेट मानसोपचार दिले आणि दुसऱ्या गटात मुलांना न बसवता फक्त त्यांच्या पालकांना प्रशिक्षण दिले. २०२० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दुसऱ्या गटातील मुलांची सुधारणा पहिल्या गटापेक्षा कमी पडली नाही. याचा अर्थ मुलाला डॉक्टरांकडे नेऊ नये असा मुळीच नाही, परंतु जे मूल दवाखान्याची पायरी चढायलाच तयार नसते, त्याच्या घरच्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

दुसरा भाग शाळेचा. मी पहिल्यांदा शाळेत एकटी गेले, बोलता बोलता रडले, आणि ‘तुम्हीच लाड करून ठेवलेत, जमत नसेल तर दाखला घेऊन जा’ हे ऐकून परत आले. शाळेचे नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे त्याच शाळेतील काही माणसांनी आम्हाला मदत केली आहे. दुसऱ्यांदा गेले तेव्हा शनिवारच्या वर्गातील दोन पालक बरोबर होते, त्यांची मुलेही त्याच शाळेत आहेत. हातात एक पानाचा अर्ज होता आणि त्यात निदानाचे नाव एका ओळीत व आम्हाला काय हवे आहे ते चार ओळींत लिहिले होते: पहिले दोन आठवडे तो फक्त तिसऱ्या तासापासून बसेल, त्याला दाराजवळची जागा मिळावी, सर्वांसमोर उभे करून वाचायला लावू नये, आणि घाबरल्यास कोणत्या एका शिक्षकांकडे जायचे ते त्याला आधी ठाऊक असावे. त्या दिवशी मी रडले नाही.

आता तो नियमित शाळेत जातो, पण पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही, कारण परीक्षेच्या आठवड्यात पोट अजूनही दुखते. मला इथल्या पालकांकडून, शिक्षकांकडून आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांकडून हे जाणून घ्यायचे आहे की आमच्यासारखा वर्ग गावोगावी मिळण्यासाठी काय करता येईल, आणि शाळेपुढे मुलाची बाजू मांडताना तुम्हाला कशाचा उपयोग झाला.

वर्गशिक्षिका

मी अनुदानित माध्यमिक शाळेत बावीस वर्षे शिकवते आहे. तुमचा तो चार ओळींचा अर्ज मला फार आवडला आणि त्याचे कारण सांगते. पालक आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ते डॉक्टरांची जाडजूड फाइल पुढे ठेवतात, जी वाचायला मला वेळ नसतो आणि वाचली तरी तिच्यातून वर्गात उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही, किंवा ते एवढेच म्हणतात की ‘बाई, जरा सांभाळून घ्या’. सांभाळून घ्यायचे म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. माझ्या वर्गात ५८ मुले आहेत. ‘दाराजवळ बसवा’ हे मी आज करू शकते, त्यासाठी मला कोणाची परवानगी लागत नाही.

शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट समजून घ्यावी ही विनंती आहे. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र असते, पण वर्गात मूल थरथरू लागले, घामाघूम झाले, श्वास लागला असे म्हणू लागले, तर त्या क्षणी काय करायचे हे मला कोणी शिकवले नव्हते. मी एकदा अशा मुलीला दम देऊन जागेवर बसवले आहे. ती पुढे शाळा सोडून गेली. तिच्या आईने मला कधी दोष दिला नाही, पण ती मुलगी माझ्या मनातून गेलेली नाही.

सर्वांसमोर गुण वाचून दाखवणे, ‘ढ’ म्हणणे, बाकावर उभे करणे हे अजूनही चालते आणि अनेक शिक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, हे पालकांनी शांतपणे लक्षात आणून द्यावे. आवाज चढवून सांगितले तर आमच्यातले बरेच जण लगेच बचावाच्या पवित्र्यात जातात, हेही खरे आहे.

सेवानिवृत्त

माझे वय ७१ आहे. मी हा धागा दोनदा वाचला. माझ्या मनात एक शंका आहे, ती कोणाला दुखावण्यासाठी नव्हे तर खरोखर समजून घेण्यासाठी विचारतो. आम्ही पाच भावंडे. आमच्यापैकी कोणी शाळेत जायला कुरकुर केली तर वडील हाताला धरून नेऊन सोडत आणि दोन दिवसांत आम्ही रुळत असू. आज प्रत्येक गोष्टीला आजाराचे नाव देऊन आपण मुलांना दुबळे तर करत नाही ना? माझ्या नातवाला अशाच कारणासाठी डॉक्टरांकडे न्यायचे ठरले तेव्हा मी विरोध केला होता. घरात त्यावरून बोलणे बंद झाले आहे.

सामाजिक कार्यकर्ती, मानसोपचार विभाग

काका, तुमच्या प्रश्नाचे मी मनापासून स्वागत करते, कारण आमच्या ओपीडीत हा प्रश्न मनात असलेले आजी-आजोबा रोज येतात आणि विचारत मात्र नाहीत. दोन दिवसांत रुळणारी मुले तेव्हाही होती आणि आजही आहेत. त्यांना कोणत्याही नावाची गरज नाही. पण तुमच्या वर्गातून चौथी-पाचवीत गळालेली, ‘त्याचे डोके चालत नाही’ म्हणून शेतावर पाठवलेली, ‘तिला बाहेरचे झाले’ म्हणून देवस्थानी नेलेली मुलेही आठवून पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, परंतु हेच प्रमाण धरले तर वरच्या बाईंच्या ५८ मुलांच्या वर्गात अशी चार मुले असतील. बाई त्यांपैकी किती ओळखत असतील, याचा आपण विचार करावा.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची कल्पना परदेशातून आलेली आहे असे अनेकांना वाटते, ते बरोबर नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले. नातेवाईक रुग्णाबरोबर राहत, आजार समजून घेत आणि त्याला घेऊन घरी जात. जेव्हा जगभरात मनोरुग्णांना भिंतीआड ठेवून नातेवाइकांना दूर ठेवले जात होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबाला रुग्णासोबत राहू देण्याची पद्धत अंगीकारली. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी, जे मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅल्गरीत प्राध्यापक होते, पत्नीच्या स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारातील स्वतःच्या अनुभवातून ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली आणि शुभार्थी व शुभंकरांचे स्वमदत गट महाराष्ट्रात रुजवायला मदत केली. रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणणे मला फार मोलाचे वाटते, कारण नाव बदलल्यावर माणसे समोर बसून बोलू लागतात हे मी पाहिले आहे. मोठ्यांच्या आजारांसाठी असे गट आहेत, मुलांच्या आईवडिलांसाठी मात्र फारच थोडे आहेत, आणि कृष्णाकाठ ताईंनी नेमके तिथेच बोट ठेवले आहे.

गावोगावी काय मिळू शकते, या प्रश्नाबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, व त्यांच्या तपासणीत वाढीतील विलंब, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता हेही अंतर्भूत आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. पथक आले की आपल्याकडे वजन, दात आणि डोळे एवढेच पाहिले जाते, कारण पालक तिथे नसतात आणि मूल स्वतःहून काही सांगत नाही. शाळेला तपासणीचा दिवस आधी विचारून ठेवावा आणि आपली काळजी एका चिठ्ठीत लिहून द्यावी. दहा वर्षांपुढील मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. १४४१६ हा टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो विनामूल्य आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. तो फक्त रुग्णासाठी नाही. ‘माझ्या मुलाशी आज रात्री काय बोलू’ एवढेच विचारायला आईवडिलांनीही फोन करावा.

आणि काका, नातवाच्या आईशी आज बोला. डॉक्टरांकडे नेण्याला तुमची संमती नसेल तरी चालेल, फक्त पुढच्या भेटीला तुम्ही बरोबर जा आणि हीच शंका त्यांना विचारा. आजोबा बरोबर आले की मूल खुर्चीत वेगळे बसते.

न्यू जर्सीकर

आमची मुलगी नववीत असताना तिला नैराश्य आले. इथे ‘नामी’ या नावाने ओळखली जाणारी कुटुंबीयांची राष्ट्रीय संघटना आहे, जी १९७९ साली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे मनोरुग्णांच्या नातेवाइकांनी, त्यातही प्रामुख्याने आयांनी, सुरू केली. तिचा सहा सत्रांचा विनामूल्य अभ्यासक्रम आम्ही दोघांनी केला. तो खास मुलांच्या आणि किशोरांच्या पालकांसाठी आहे आणि शिकवणारे डॉक्टर नसतात, तर ज्यांच्या घरात हे घडून गेले आहे असे प्रशिक्षित पालक असतात. कृष्णाकाठ यांनी वर्णिलेली ती शेजारची आई वाचून मला आमची पहिली संध्याकाळ आठवली. आम्ही एकटेच भारतीय होतो. मी माझी ओळख करून देताना मुलीला ‘अभ्यासाचा ताण’ आहे असे म्हणालो. माझ्यानंतर बोलणाऱ्या बाईंनी आपल्या मुलाचा आजार, त्याचे औषध आणि तो रुग्णालयात कधी होता हे सगळे शांतपणे सांगितले. पत्नीने माझ्याकडे पाहिले, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा ओळख करून दिली.

मुलीच्या शाळेने १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली तिच्यासाठी लेखी योजना करून दिली: गृहपाठाची मुदत वाढवून मिळाली, परीक्षा वेगळ्या खोलीत देता आली, समुपदेशकाकडे जायला वर्गात हात वर करावा लागला नाही. हे वाचून कोणाला वाटेल की तिकडे सगळे आयते मिळते. तसे नाही. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा १९७५ चा कायदा येण्याआधी पेनसिल्व्हेनियातील बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांच्या संघटनेने राज्याला न्यायालयात खेचले होते. जे आज आम्हाला एका अर्जावर मिळाले, ते कोणीतरी अनोळखी आईवडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी भांडून मिळवलेले आहे. इथल्या मराठी मंडळांत मात्र हा विषय अजून दबक्या आवाजातच निघतो. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मुलांच्या गुणगौरवाला तास दिला जातो, आणि जी मुले घरी खोलीचे दार लावून बसलेली असतात त्यांच्याबद्दल पार्किंगमध्ये बोलणे होते.

दोन मुलींचा बाबा

मी बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी राहतो. वरचे सगळे वाचून बरे वाटले, पण आमच्याकडची अडचण लिहितो. मोठी मुलगी दहावीत असताना स्वतःला इजा करून घेऊ लागली. तिच्या आईला आंघोळीनंतर बाहीखाली खुणा दिसल्या. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा म्हणजे एस.टी.ने तीन तास, एका दिवसाची मजुरी बुडणार, आणि स्टँडवर कोणी ना कोणी ओळखीचे भेटणारच. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला मी पहिल्या वेळी ‘डोळे दाखवायला’ असे उत्तर दिले. मुलगी शेजारी उभी होती. बसमध्ये ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का?’ त्यानंतर मी कधी खोटे बोललो नाही, पण खरेही सगळ्यांना सांगितले नाही. ‘तब्येत दाखवायला’ एवढेच सांगतो.

लग्नाच्या बाजारात नाव खराब होईल म्हणून नातेवाईक केसपेपरवर दुसरे नाव लिहा म्हणाले. डॉक्टरांनी समजावले की उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच दिला आहे. त्यांनी हेही सांगितले की अल्पवयीन मुलीला दाखल करायची वेळ आलीच, तर तिला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे लागते आणि आईला पूर्ण वेळ तिच्याजवळ राहता येते. दाखल करावे लागले नाही, पण ‘पोरीला एकटीला तिथे ठेवून घेतील’ ही जी भीती आमच्या मनात बसली होती आणि जिच्यापायी आम्ही दोन महिने घालवले, ती त्या एका वाक्याने गेली. कायदा माहीत असण्याचा उपयोग भांडायलाच होतो असे नाही, हे मला तेव्हा समजले.

धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आमची समिती पोषण आहार, शौचालय आणि संरक्षक भिंत यांपलीकडे कधी गेली नव्हती. मी ठराव मांडला की वर्षातून दोन पालकसभांत मुलांच्या मनाविषयी बोलण्यासाठी जिल्हा रुग्णालयातून माणूस बोलवावा. पहिल्या सभेला नऊ बायका आणि मी. दुसऱ्या सभेला चाळीसेक जण आले, कारण त्या नऊ जणींनी सांगितले.

कृष्णाकाठ ताईंना एक विचारतो. तुम्ही दोन पालकांना शाळेत बरोबर नेले, अर्जात निदान लिहिले, इथेही लिहिले. मुलाला विचारले होते का?

कृष्णाकाठ

दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात याबद्दल आभार. पहिल्या वेळी विचारले नव्हते. मी शाळेत एकटी जाऊन आले आणि तेथील बोलणे वर्गात पसरले, तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शनिवारच्या वर्गात मी हे सांगितल्यावर त्या शेजारच्या आईने मला विचारले, ‘हे दुखणे कोणाचे आहे?’ दुसरा अर्ज मी आणि मुलगा जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. निदानाची ओळ लिहायची की नाही यावर त्याने एक दिवस मागून घेतला, आणि मग म्हणाला की मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकांना कळले तर चालेल, पीटीच्या सरांना नको. तसेच केले. दाराजवळची जागा ही कल्पना त्याचीच होती, मला ती सुचली नसती. इथे लिहिण्याआधी त्याला हा धागा वाचून दाखवला आहे, आणि त्याने मोज्याची ओळ ठेव म्हणून सांगितले.

वकील, नाशिक

शाळेशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून एक माहिती. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभर लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, आणि योग्य तो कायदा होईपर्यंत ती शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग या सर्वांवर बंधनकारक आहेत. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत व त्यांना सर्वांसमोर लज्जित करू नये, टेलिमानससह मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, आणि पालकांसाठी नियमित जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे त्यात आहे. म्हणजे पालकांचा वर्ग भरवावा ही मागणी आता उपकार म्हणून करायची नाही.

हे प्रकरण विशाखापट्टणममध्ये नीटच्या तयारीसाठी राहिलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे होते. तपास सीबीआयकडे द्यावा म्हणून तिचे वडील उच्च न्यायालयात गेले, तिथे नकार मिळाला, मग सर्वोच्च न्यायालयात गेले. तपास तर सीबीआयकडे गेलाच, शिवाय न्यायालयाने सबंध देशातील मुलांचा विचार केला. निकाल वाचताना त्या वडिलांचा विचार मनातून जात नाही.

शाळेला पत्र देताना दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. तोंडी बोलणे शिक्षकाची बदली झाली की संपते.

वर्गशिक्षिका

एक गोष्ट राहिली होती. शाळेला घाबरणाऱ्या मुलांपैकी काहींच्या भीतीच्या मुळाशी अध्ययन अक्षमता असते. मूल वाचायला घाबरते, कारण त्याला अक्षरे लागतच नाहीत, आणि आपण फक्त घाबरण्याकडे पाहत राहतो. आठव्या वर्षानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते, ते १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासले जाते, आणि मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती त्यावर मिळतात. दहावीच्या तोंडावर धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी पाहते. चौथी-पाचवीतच पाहून घ्यावे.

सेवानिवृत्त

मी गुरुवारी सून आणि नातवाबरोबर गेलो होतो. मी माझी शंका डॉक्टरांना विचारली. त्यांनी मला उत्तर देण्याऐवजी नातवाला विचारले की आजोबांना काय सांगावेसे वाटते. तो म्हणाला, ‘आबा, मला पण जायचे असते.’ माझे वडील मला हाताला धरून नेत तेव्हा मला जायचे नसे. फरक मला समजला आहे असे वाटते. पालकांच्या वर्गाला आजोबांनी बसले तर चालते का, हे कोणी सांगावे.

सामाजिक कार्यकर्ती, मानसोपचार विभाग

चालते, काका. आमच्या गटात दोन आजी आणि एक मामा आहेत. घरात मुलाशी सर्वांत जास्त वेळ जो बोलतो, त्याने यावे.

कृष्णाकाठ

वकील साहेबांनी लिहिलेले वाचून आम्ही तिघा पालकांनी काल शाळेत नवे पत्र दिले. या वेळी ते एका मुलासाठी नव्हते: शाळेने सहा शनिवार एक वर्गखोली द्यावी, समुपदेशकाची सोय आम्ही शनिवारच्या वर्गातून करू आणि वर्गशिक्षकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, एवढीच विनंती आहे. दोन प्रती नेल्या होत्या. लिपिक बाईंनी शिक्का मारताना विषयाची ओळ वाचली, थांबल्या, आणि हळूच विचारले की शाळेत मूल नसलेल्या कर्मचाऱ्यांना या वर्गाला बसता येईल का, त्यांची भाची आहे. मुख्याध्यापिकांनी पुढच्या बुधवारी साडेअकराला बोलावले आहे. तिथे काय ठरते ते इथे लिहीन.